कर्नल अ‍ॅलन्सवर्थ ऐतिहासिक उद्यान, कॅलिफोर्निया: तेथे काय पाहावे आणि काय दिसत नाही

कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकीन खोऱ्यात, फ्रेझ्नो आणि बेकर्सफील्ड या शहरांमधल्या सपाट शेतीच्या मुलखात, महामार्ग ४३ ला लागून कर्नल अ‍ॅलन्सवर्थ स्टेट हिस्टॉरिक पार्क आहे. राज्याचा उद्यान विभाग सांभाळत असलेले हे ठिकाण म्हणजे १९०८ साली कृष्णवर्णीय अमेरिकनांनी स्वतःच्या पैशाने वसवलेल्या आणि स्वतःच्याच कारभाराखाली चालवलेल्या एका शेतकरी गावाची जागा होय. संस्थापना, भांडवल आणि कारभार या तिन्ही बाबतींत पूर्णपणे कृष्णवर्णीयांचे असलेले हे कॅलिफोर्नियातील एकमेव गाव मानले जाते. मूळ वसाहत काही दशकांत विरून गेली. आज तेथे दिसतात ती जतन केलेली व नव्याने उभारलेली घरे, शाळा, ग्रंथालय, चर्च आणि दुकाने. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात राहणारी अनेक मराठी कुटुंबे सुट्टीत गाडीने लॉस एंजेलिसकडे जातात, आणि त्या लांबच्या प्रवासात या खोऱ्याकडे केवळ मध्ये लागणारा कंटाळवाणा पट्टा म्हणून पाहिले जाते. त्या प्रवासातला अर्धा दिवस या उद्यानासाठी काढून ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन. मात्र तेथे जे मांडले आहे ते पाहताना काय मांडलेले नाही याचेही भान ठेवावे लागते, आणि हे परीक्षण मुख्यतः त्यासाठी लिहीत आहे.

ज्यांच्या नावाने हे गाव ओळखले जाते ते अ‍ॅलन अ‍ॅलन्सवर्थ १८४२ साली केंटकी राज्यातील लुईव्हिल येथे गुलाम म्हणून जन्मले. गुलामांना अक्षरओळख होऊ न देण्याच्या त्या व्यवस्थेत त्यांनी लहान वयातच वाचायला शिकण्याची धडपड केली, आणि त्याची शिक्षा म्हणून त्यांना आईपासून तोडून दूर पाठवण्यात आले, पुढे विकण्यातही आले. गुलामगिरीच्या प्रश्नावरून उत्तर आणि दक्षिणेकडील राज्यांत झालेल्या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात त्यांनी उत्तरेच्या सैन्याचा आसरा घेऊन स्वतःची सुटका करून घेतली, १८६३ मध्ये ते नौदलात भरती झाले, आणि युद्ध संपल्यावर शिक्षण घेऊन नव्याने मुक्त झालेल्या लोकांच्या शाळांमध्ये शिकवू लागले. नंतर ते बाप्टिस्ट धर्मोपदेशक झाले. याच काळात, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करण्याचे काम करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले होते. पुण्यातून ज्या मुक्तीकडे इतक्या आस्थेने पाहिले गेले, त्या मुक्तीनंतर मुक्त झालेल्या माणसांनी पुढे काय केले, हा प्रश्न मराठी वाचकाला परका वाटू नये. अ‍ॅलन्सवर्थ उद्यानात त्या प्रश्नाचे एक उत्तर विटा-लाकडांत पाहायला मिळते.

१८८६ मध्ये अ‍ॅलन्सवर्थ यांची नेमणूक चोविसाव्या पायदळ रेजिमेंटचे धर्मोपदेशक म्हणून झाली. या रेजिमेंटमधले सैनिक कृष्णवर्णीय होते. धर्मोपदेशकाचे काम त्यांनी प्रार्थनेपुरते ठेवले नाही. सैनिकांना लिहिता-वाचता यावे यासाठी त्यांनी रीतसर अभ्यासक्रम तयार केला आणि तो चालवला. १९०६ मध्ये ते लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झाले, तेव्हा त्या हुद्द्यापर्यंत पोहोचलेले ते पहिले कृष्णवर्णीय अधिकारी होते. निवृत्तीनंतर ते पत्नी जोसेफीन यांच्यासह लॉस एंजेलिसला आले. तेथे त्यांची गाठ विल्यम पेन या तरुण शिक्षकाशी पडली, आणि आणखी काही सहकाऱ्यांना बरोबर घेऊन त्यांनी १९०८ मध्ये वसाहतीसाठी एक संस्था स्थापन केली. टुलेरी काउंटीत, सँटा फे रेल्वेच्या सोलिटो नावाच्या थांब्याजवळ, एका खासगी जमीन-कंपनीमार्फत जागा मिळवण्यात आली. भूखंड पाडले गेले आणि रस्त्यांना गुलामगिरीविरोधी वक्त्या सोजर्नर ट्रुथ, कृष्णवर्णीय कवी पॉल लॉरेन्स डनबार, ‘अंकल टॉम्स केबिन’च्या लेखिका हॅरिएट बीचर स्टो अशा व्यक्तींची नावे देण्यात आली. निवृत्त सैनिकांना हक्काचे घर मिळावे आणि शेती व व्यापार करून स्वतःच्या पायावर उभे राहता यावे, असा संस्थापकांचा हेतू होता. आपण कोणाच्याही मेहेरबानीवर न राहता एक नीटनेटके गाव चालवू शकतो, हे देशाला दाखवून देण्याचीही त्यांची इच्छा होती, आणि या इच्छेचे ओझे गावातल्या प्रत्येक इमारतीवर होते असे तेथे फिरताना जाणवत राहते.

उद्यानात शिरल्यावर प्रथम अभ्यागत केंद्रात जावे आणि तेथील माहितीपट पाहूनच पुढे निघावे. तो पाहिला नाही तर पुढची घरे ही रिकाम्या माळावर एकमेकांपासून लांब लांब उभी असलेली जुनी लाकडी घरे एवढीच वाटतील. अंतरे मोठी आहेत, कारण मूळ गावच ऐसपैस आखलेले होते. गाडी थोडी पुढे नेत, थांबत, उतरत पाहिले तरी चालते, पण शाळेपासून ग्रंथालयापर्यंतचा भाग पायी चालावा.

वेळ कमी असेल तर इतर सगळे सोडून शाळा पाहावी. १९१२ साली बांधलेली ही इमारत मूळची आहे, आणि माझ्या मते संपूर्ण उद्यानाचे मोल एकट्या शाळेने राखले आहे. आत जुन्या पद्धतीची बाके आणि फळा मांडलेला आहे. विल्यम पेन येथे मुख्याध्यापक होते. गावाच्या सभा, वाद-विवाद आणि गाण्याचे कार्यक्रम येथेच होत. मुलींचा गायनसमूह होता, मुलांसाठी बचतीची संस्था होती. ज्यांच्या आईबापांना अक्षर गिरवल्याबद्दल फटके बसले असते अशा मुलांसाठी गावाने उभे केलेले सर्वांत देखणे बांधकाम शाळेचे असावे, ही निवड गावाविषयी खूप काही सांगते. ही शाळा १९७२ पर्यंत चालू होती. म्हणजे गाव ओसरल्यानंतरही कित्येक दशके आसपासच्या शेतमजुरांची मुले याच वर्गांत शिकली. या मुद्द्याकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

शाळेनंतर ग्रंथालय. १९१३ मध्ये उघडलेल्या या ग्रंथालयाला जोसेफीन अ‍ॅलन्सवर्थ यांच्या आईचे नाव देण्यात आले. इमारतीचा खर्च जोसेफीन यांनी उचलला आणि कर्नलांनी आपल्या संग्रहातील पुस्तके दिली. पुढे ते काउंटीच्या सार्वजनिक ग्रंथालयांच्या जाळ्यात सामील झाले. दोनशे ते तीनशे वस्तीच्या, धूळ उडणाऱ्या, शहरापासून दूर असलेल्या गावाने पाच वर्षांच्या आत स्वतंत्र ग्रंथालय उभारले, ही गोष्ट तेथील लहानशा खोलीत उभे राहून मनात घ्यावी. कर्नलांचे घर, हॉटेल, हिंड्समन कुटुंबाचे किराणा दुकान आणि बाप्टिस्ट चर्च यांचीही मांडणी काळजीपूर्वक केलेली आहे. काही इमारती दुरुस्त करून राखल्या आहेत, तर काही छायाचित्रांच्या व आठवणींच्या आधारे मूळ जागी पुन्हा बांधल्या आहेत. कोणती इमारत मूळची आणि कोणती नवी, हे फेरीतल्या मार्गदर्शकाला अवश्य विचारावे. नव्याने बांधलेल्या इमारतींचे लाकूड सरळ आणि रंग एकसारखा असल्यामुळे त्या पाहताना गावातले जगणे जरा जास्तच आखीव वाटू लागते, आणि हा परिणाम मला तितकासा रुचला नाही.

कारभाराची बाजूही तेवढीच महत्त्वाची आहे. १९१४ मध्ये अ‍ॅलन्सवर्थ हा स्वतंत्र न्यायिक विभाग झाला. गावातले ऑस्कर ओव्हर हे न्यायदंडाधिकारी म्हणून निवडून आले आणि त्या पदावर निवडून आलेले कॅलिफोर्नियातील पहिले कृष्णवर्णीय म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. त्या काळी दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांचे मतदानाचे हक्क पद्धतशीरपणे काढून घेतले जात होते, आणि येथे मात्र एका गावाचा न्यायनिवाडा त्यांच्याच माणसाच्या हाती होता. ही घटना गावाच्या गोष्टीत केंद्रस्थानी असायला हवी, इतकी ती मोठी आहे.

गाव विरून का गेले, याचे पहिले उत्तर पाणी हेच आहे. सुरुवातीला येथे विहिरींना मुबलक पाणी होते, आणि शेतीला पुरेल एवढे पाणी देण्याचे वचन जमीन विकणाऱ्या कंपनीने दिले होते. वसाहत वाढू लागली तसे ते वचन पुरे झाले नाही. गावकऱ्यांनी दीर्घ झगडा केला आणि अखेर स्थानिक पाणी-कंपनी त्यांच्या ताब्यात आली. पण तोवर यंत्रसामग्री जुनी झाली होती आणि भूजल खोल जाऊ लागले होते. जमीन क्षारपड, पाऊस तुटपुंजा, आणि आजूबाजूला मोठे बागायतदार अधिक ताकदीचे पंप लावून पाणी उपसत असलेले. अवर्षणप्रवण मुलखातली शेती पाहिलेल्या कोणत्याही मराठी माणसाला या ओळींमधला हिशेब वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. त्यातच १९१४ मध्ये रेल्वेने शेजारच्या अल्पॉ गावाकडे फाटा काढला, आणि मालाची चढउतार व त्यावर चालणारा व्यापार अ‍ॅलन्सवर्थमधून निघून गेला. त्याच वर्षी १४ सप्टेंबर रोजी, लॉस एंजेलिसजवळच्या मॉनरोव्हिया येथे रस्ता ओलांडत असताना मोटरसायकलची धडक बसून कर्नल अ‍ॅलन्सवर्थ यांचा मृत्यू झाला.

तरीही गावाने एक मोठा प्रयत्न केला. कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांनी कृष्णवर्णीयांच्या व्यावसायिक शिक्षणासाठी अलाबामात उभारलेल्या टस्किगी संस्थेच्या धर्तीवर येथे सरकारी तंत्रशिक्षण संस्था व्हावी, यासाठी राज्याच्या विधिमंडळात विधेयक मांडण्यात आले. ते १९१५ मध्ये फेटाळले गेले. येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की विरोध केवळ गोऱ्या आमदारांचा नव्हता. शहरांतल्या अनेक कृष्णवर्णीय पुढाऱ्यांनाही ही कल्पना मान्य नव्हती, कारण कृष्णवर्णीयांसाठी वेगळी सरकारी संस्था मान्य केली की इतर संस्थांची दारे त्यांना बंद करायला निमित्त मिळेल, अशी त्यांना भीती होती. स्वतःचे वेगळे काही उभारावे की सर्वांसाठी असलेल्या संस्थांत आपला हक्क मागावा, हा वाद आपल्याकडच्या सामाजिक चळवळींनाही नवा नाही. दोन्ही बाजूंची माणसे प्रामाणिक होती आणि दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे होते, असे मला वाटते. आणि म्हणूनच ते विधेयक पडले ही गोष्ट वाचताना जास्त त्रास होतो. ती संस्था झाली असती तर विद्यार्थी, शिक्षक, नोकऱ्या आणि कदाचित पाणीही गावात आले असते. तसे झाले नाही. पुढच्या पिढीने ओकलंड आणि लॉस एंजेलिसची वाट धरली, १९३० च्या दशकातल्या महामंदीने उरलेल्यांना वाकवले, आणि १९६६ मध्ये पिण्याच्या पाण्यात आर्सेनिक हे विषारी द्रव्य आढळल्यावर उरलेसुरले गावही पाडून टाकण्याची भाषा होऊ लागली.

ते पाडले गेले नाही याचे मोठे श्रेय कॉर्नेलियस एड पोप यांना जाते. ते राज्याच्या उद्यान विभागात आरेखक होते आणि त्यांचे लहानपण अ‍ॅलन्सवर्थमध्ये गेले होते. १९६९ च्या सुमारास त्यांनी ही जागा जतन करण्याची कल्पना पुढे मांडली, अनेक संघटना आणि जुन्या रहिवाशांचे वंशज त्यांच्या पाठीशी उभे राहिले, १९७४ मध्ये राज्याने जमीन घेण्यास सुरुवात केली आणि १९७६ मध्ये उद्यानाचे लोकार्पण झाले. पुढे शेजारी हजारो गायींचे मोठे गोठे उभारण्याचा बेत आला, तेव्हाही याच लोकांनी तो लढून थांबवला.

आता माझा मुख्य आक्षेप. उद्यानाने आपल्या मांडणीसाठी १९०८ ते १९१८ हा काळ निवडला आहे, आणि इमारतींची दुरुस्ती व सजावट त्या दशकाला अनुसरून केलेली आहे. जतनशास्त्राच्या दृष्टीने अशी कालमर्यादा ठरवावी लागते, हे मला मान्य आहे. एकाच घरात सगळी दशके दाखवता येत नाहीत. पण या निवडीमुळे गोष्ट नेमकी भरभराटीपाशी थांबते. १९१८ नंतरही लोक येथे राहिले, कमी पाण्यावर शेती करत राहिले, दुसऱ्यांच्या शेतांवर मजुरीला गेले, मुलांना त्याच शाळेत पाठवत राहिले. एड पोप यांचे स्वतःचे बालपण या चौकटीबाहेरचे आहे! ज्याच्या आठवणीमुळे ही जागा वाचली त्याच्या आठवणीतले गाव उद्यानात जवळजवळ नाही. घरे, पडदे, भांडी, दुकानातले डबे हे सारे पुन्हा उभे करता आले; पाणी पुन्हा उभे करता आले नाही, आणि गावाचे भवितव्य तर पाण्यानेच ठरवले होते. विहिरी, पंप, पाणी-कंपनीचा झगडा, भूजलाची घसरण यांसाठी एक स्वतंत्र दालन, निदान एक चांगला नकाशा, घरांच्या बरोबरीने ठळकपणे मांडला गेला तर पाहणाऱ्याला हे गाव आपोआप विरले नाही हे घरी जाण्यापूर्वी कळेल. मांडणी बदलण्याचा विचार कधी झाला, तर सुरुवात येथून व्हावी असे मी सुचवेन.

हे न दिसणारे पाहायचे असेल तर उद्यानाच्या हद्दीबाहेर पडावे लागते. लागूनच आजचे अ‍ॅलन्सवर्थ गाव आहे. वस्ती काहीशे लोकांची, त्यांतले बहुसंख्य लॅटिनो शेतमजूर कुटुंबांतले, आणि आर्सेनिकमुक्त पाण्यासाठीची त्यांची मागणी या शतकातही चालू राहिली. पश्चिमेकडे टुलेरी सरोवराचे जुने पात्र आहे. क्षेत्रफळाच्या दृष्टीने मिसिसिपीच्या पश्चिमेकडचे सर्वांत मोठे गोड्या पाण्याचे हे सरोवर एकोणिसाव्या शतकात नद्यांचे पाणी शेतीकडे वळवून आटवले गेले. २०२३ च्या वसंतात अतिवृष्टी आणि वितळणाऱ्या बर्फामुळे ते सरोवर पुन्हा भरले; तेव्हा अ‍ॅलन्सवर्थच्या रहिवाशांनी स्वतः बांध घालून गावाकडे येणारे पाणी रोखण्याची शर्थ केली. पाण्याअभावी ओसरलेली वसाहत आणि त्याच जागी पुराशी झुंजणारे आजचे गाव यांचा इतिहास एकच आहे, कारण दोन्ही वेळी पाणी कोठे जावे हे ठरवण्याची सत्ता इतरांच्या हातात होती. गावात गेल्यास तेथील लोकांच्या घरांकडे प्रेक्षणीय वस्तू म्हणून पाहू नये, फोटो काढण्यापूर्वी विचारावे, एवढे भान ठेवणे आवश्यक आहे.

सोयींविषयी थोडक्यात लिहितो. महामार्ग ९९ वरून अर्लिमार्टला उतरून पश्चिमेकडे वळल्यास थोड्याच वेळात येथे पोहोचता येते. बेकर्सफील्डहून साधारण तासभर लागतो. जवळपास हॉटेल किंवा पेट्रोलपंप गृहीत धरू नये. डबा, भरपूर पाणी आणि टोप्या घेऊनच निघावे. सावली कमी आहे. उन्हाळ्यात तापमान ३८ अंशांच्या वर जाणे येथे नित्याचे आहे, त्यामुळे लहान मुले किंवा आजी-आजोबा बरोबर असतील तर जून ते सप्टेंबर हा काळ टाळावा. हिवाळ्यात खोऱ्यात दाट धुके उतरते आणि सकाळी गाडी चालवणे धोक्याचे होते. फेब्रुवारीचा उत्तरार्ध, मार्च आणि ऑक्टोबर हे महिने सर्वांत चांगले. बहुतेक इमारती एरवी कुलूपबंद असतात आणि त्या बाहेरून किंवा खिडकीतून पाहाव्या लागतात; आतून पाहण्यासाठी मार्गदर्शकासह फेरीची आधी मागणी करावी किंवा उत्सवाच्या दिवशी जावे. फेब्रुवारीतील कृष्णवर्णीय इतिहास महिन्याचा कार्यक्रम, जूनमधील जुनटीन्थ (अमेरिकेतील गुलामगिरी संपल्याचा स्मरणदिन) आणि ऑक्टोबरमधील पुनर्लोकार्पणाचा सोहळा हे त्यांतले प्रमुख. अशा दिवशी दारे उघडी असतात, त्या काळच्या पोशाखातले स्वयंसेवक घराघरांत माहिती देतात, जुन्या रहिवाशांचे वंशज भेटतात, आणि अमेरिकेच्या अ‍ॅमट्रॅक या प्रवासी रेल्वेची गाडीही येथे खास थांबते. गाडी न चालवणाऱ्या ज्येष्ठांसाठी हा मार्ग उत्तम आहे. मुक्कामासाठी मोजक्या जागांचे तंबूस्थळ आहे. शहरांपासून दूर असल्यामुळे रात्री आकाश चांगले दिसते.

शाळकरी मुलांना येथे जरूर न्यावे, पण शाळेच्या इमारतीपासून सुरुवात करावी आणि कर्नलांच्या बालपणाची गोष्ट त्यांना तेथे, बाकांच्या समोर सांगावी. मोठ्यांनी किमान तीन तास हाताशी ठेवावेत. दोनच इमारतींसाठी वेळ असेल तर शाळा आणि ग्रंथालय निवडावे, आणि परतताना अल्पॉच्या रस्त्याने थोडे पश्चिमेकडे जाऊन जुन्या सरोवराच्या पात्रातली आजची अफाट शेते पाहून मग महामार्गाला लागावे.